सिग्नल अकरा

आधीच सांगून टाकते, मी शांत बाई नाही. राग आला की माझा आवाज चढतो, कान तापतात आणि समोर कोण आहे हे बघायचं भान राहत नाही. आई म्हणायची, "हिच्या जिभेला हाड नाही." नसेल. पण ज्या रागाबद्दल मी लिहायला बसले आहे तो पंचवीस वर्षं झाली तरी उतरलेला नाही, आणि तो कोणाकोणावर आहे हे एकदा नीट मांडावं असं वाटतं.

साल नव्याण्णव. जानेवारीत संक्रांत झाल्यावर मी धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची इन्चार्ज म्हणून लागले. ऑर्डर कच्ची, मार्चअखेरपर्यंतची. काम पसंत पडलं तर पुढे कायम करू, असं प्राचार्य म्हणाले होते. घर जळगावला. घरी वडिलांशी माझा सरळ करार झालेला: पक्की ऑर्डर हातात आली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही, नाही आली तर बाडबिस्तरा उचलून घरी यायचं आणि चाळीसगावच्या स्थळाला हो म्हणायचं. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला माझ्याशी लग्न करायचं होतं, मला कोणाशीच करायचं नव्हतं, एवढंच. मला नोकरी हवी होती. इतकी हवी होती की दर शनिवारी पारोळ्यामार्गे एस.टी.नं घरी जाताना मी बसमध्ये दिवस मोजायची.

त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता आणि त्यात युनिक्सचं प्रॅक्टिकल घुसलं होतं. एप्रिलात बाहेरून परीक्षक येणार. आणि आमच्या लॅबमध्ये युनिक्स औषधालासुद्धा नाही! आमचे विभागप्रमुख सर वर्षभर फळ्यावर कमांड लिहून देत होते आणि पोरं त्या वहीत उतरवून घेत होती. पोहायला शिकवायचं आणि पाणी दाखवायचं नाही, तसला प्रकार. मी म्हटलं, "सर, लिनक्स टाकू या. मासिकासोबत सीडी आली आहे माझ्याकडे, फुकट आहे, सगळ्या कमांड त्याच." सर म्हणाले, "फुकट मिळतं ते फुकटच्याच लायकीचं असतं, मॅडम." पण दुसरा इलाज त्यांच्याकडेही नव्हता. प्राचार्यांनी हो म्हटलं. सरांनी त्यांच्यासमोरच मला ऐकवलं, "काही झालं तर जबाबदारी तुमची." मी फुशारकीनं म्हणाले, "माझी." म्हणजे पायावर कुऱ्हाड मीच मारून घेतली.

सीडी ड्राइव्ह असलेलं मशीन लॅबमध्ये एकच. बाकीची जुनी, फ्लॉपीवर चालणारी खटारी. हे नवं पेंटियम सप्टेंबरात आलेलं, काचेच्या खोलीत ठेवलेलं, वर प्लॅस्टिकचं कव्हर. कॅबिनेटच्या मागच्या कडेला कंपनीचं कागदी सील चिकटवलेलं: हे फाटलं तर वॉरंटी गेली. सर त्या सीलकडे असे बघायचे की जणू आत देव बसवला आहे. "उघडायचं नाही हं," हे वाक्य मी रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी ऐकलं होतं.

सोमवारी दुपारी सीडी घातली. झरझर अक्षरं खाली गेली, निळा पडदा आला, भाषा विचारली, कीबोर्ड विचारला. मी मनात म्हटलं, जमलं बाई! हार्ड डिस्कचा एक कोपरा त्याला काढून दिला आणि एकेक पॅकेज उतरायला लागलं. दहा मिनिटं गेली असतील. पडदा थिजला. खाली चुकीचा नुसता आकडा: सिग्नल अकरा. कीबोर्ड मेलेला. कॅप्स लॉक दाबून बघितलं, दिवाही लागेना. बंद करून चालू केलं तर मॉनिटरवर काहीच नाही, नुसता काळा चौकोन. अर्ध्या तासानं पुन्हा चालू केलं तर विंडोज शहाण्या मुलासारखं समोर हजर.

पुन्हा सीडी. पुन्हा तेच. मंगळवारी चारदा केलं. सीडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेल्या सगळ्या युक्त्या केल्या, बूट होताना हे टाइप करा, ते टाइप करा, मेमरी कमी दाखवा, अमुक बंद करा. प्रत्येक वेळी मशीन मान टाकायचं. आणि प्रत्येक वेळी सर काचेबाहेर उभे राहून विद्यार्थ्यांना सांगायचे, "बघा, विंडोजवर सहा महिने उत्तम चाललेलं मशीन आहे." त्यांचे ते 'सहा महिने' नीट ध्यानात ठेवा.

बुधवारी त्यांनी नाशिकला कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. फोनवरच निकाल लागला. इंजिनियर म्हणाला, लिनक्समुळे हार्डवेअर जळतं, बाईंना सांगा हात लावू नका. मी रिसीव्हर मागितला तर सरांनी ठेवून दिला. मशीन न बघता, काय होतंय ते न विचारता! तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी माझ्या टेबलावर प्राचार्यांचं पत्र: परवानगी नसलेली प्रणाली वापरून संस्थेच्या मशीनचं नुकसान केल्याबद्दल शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा ऑर्डरचा विचार होणार नाही. परवानगी नसलेली! त्यांनीच दिली होती की हो, त्याच खुर्चीत बसून, चहा पिता पिता.

रडले का? रडले. लेडीज रूमचं दार लावून पाच मिनिटं रडले. मग तोंड धुतलं आणि स्वतःलाच म्हटलं, रडून मशीन चालत नाही, डोकं चालव.

आणि डोकं चालवलं तर साधी गोष्ट दिसली. सीडी खराब असती तर मशीन दर वेळी एकाच पॅकेजला अडलं असतं. हे दर वेळी वेगळ्या जागी अडत होतं. शिवाय सकाळी साडेसातला पहिल्यांदा लावलं की बरंच पुढे जायचं, दुपारी दोनला लावलं की सुरुवातीलाच आडवं. मार्चचं धुळं, दुपारी पत्र्याखालची लॅब, तुम्हीच विचार करा. विंडोजवर सर एक पत्र टाइप करायचे आणि पत्ते खेळायचे, त्यात मशीनला घामही येत नसेल. लिनक्स उतरताना मात्र ते सलग राबतं. राबलं की तापतं, तापलं की चुकतं, आणि विंडोज चुका पोटात घालतं तशा लिनक्स घालत नाही, ते तिथंच थांबून सांगतं. मशीन तापत होतं. बस्स. लिनक्सनं काही मोडलं नव्हतं, मोडलेलं होतं ते दाखवलं होतं.

गुरुवारी स्टाफरूममधला टेबलफॅन उचलून आणला आणि कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर लावून दिला. चक्क तीन चतुर्थांश काम झालं! मग अडलं, पण मला कळायचं ते कळलं. आतला पंखा बघायला हवा होता. सरांकडे गेले. "सील फुटणार नाही," म्हणाले. "सर, आत पंखा बंद असेल." "सील फुटणार नाही, मॅडम." तिसऱ्यांदा म्हटलं तर त्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं.

परत आले तर आमचे शिपाई, नाना, त्या टेबलफॅनसमोर उभे राहून हसत होते. नाना सोनगीरकडचे, बोली अहिराणी, निवृत्तीला वर्षभर उरलेलं. लॅब झाडायची, पाणी भरायचं, घंटा द्यायची. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे, कोणी नसलं की माय.

"हासता काय नाना? इथं माझा जीव चाललाय."

"नही माय, तुले नही हासत. तठे बी असाच पंखा लावेत याले."

"तठे म्हणजे कुठे?"

नानांनी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून सांगितलं. संस्थेच्या अध्यक्षांची पारोळा रस्त्याला कापसातून सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी, आमच्याकडे नुसतं जिन म्हणतात. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या तशी वजनकाट्याच्या खोलीत कॉम्प्युटरची गरज पडली. मग कॉलेजचं नवंकोरं मशीन तिकडे गेलं. "दसरापाईन संक्रातलोंग तठेच व्हतं हाई. मीच टेम्पोमा ठेवं नि मीच परत आनं. वल्ला फडकाघाई बठ्ठं पुशी काढं, मंग आठे ठेवं."

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मशीन तिकडे, मग ओल्या फडक्यानं पुसून परत ठेवलेलं, आणि मी संक्रांतीनंतर रुजू झालेली. मला कुठून कळणार! मी कपाटातून डेड स्टॉक रजिस्टर काढलं. मशीन सप्टेंबरात आलं, लॅबमध्ये बसवलं, एवढीच नोंद. पुढे कुठे गेलं नाही, कुठून आलं नाही. खाली सरांची सही. सहा महिने विंडोजवर उत्तम चाललं म्हणे! त्यातले तीन महिने कापसाच्या धुरळ्यात काढले होते त्यानं. म्हणून सील फुटायला नको होतं. म्हणून वर्तमानपत्र. चोराच्या उलट्या बोंबा, आणि खुलासा मी द्यायचा!

"मनं नाव नको लेजो, माय," नाना म्हणाले. "एकच वरीस राह्यनं मनं."

"वेडे आहात का नाना? तुमचं नाव कशाला येईल यात," मी म्हटलं. आणि मी ते खरंच मनापासून म्हटलं होतं.

शनिवारी खुलासा घेऊन प्राचार्यांकडे गेले. कागद एका ओळीचा: मशीन माझ्यासमोर व आपल्यासमोर उघडावं. प्राचार्य वाचून सरांकडे बघायला लागले. सर म्हणाले, वॉरंटी जाईल. मी म्हटलं, "माझी नोकरी जातेय त्याचं काय?" आवाज चढला असणार, कारण बाहेर व्हरांड्यातली पोरं थांबली. प्राचार्यांना पोरं थांबलेली आवडत नसत. ते उठले. आम्ही तिघं लॅबमध्ये आलो.

मी पर्समधून ब्लेड काढलं आणि सील कापलं. सर "अहो, अहो" म्हणत पुढे आले तोवर दोन स्क्रू माझ्या हातात होते. कव्हर मागे ओढलं.

कापूस. दुसरं काही नाही. प्रोसेसरवरच्या पंख्याची पाती दिसतच नव्हती, त्यांच्याभोवती कापसाचा वातीसारखा पीळ बसलेला. खालच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये करडी रुई अशी ठासून भरलेली की उशी शिवावी. मी बोटांनी ओढली तर पंजाभर निघाली, आणि तिच्यात वाळक्या पानांचा चुरा आणि सरकीचं एक टरफल. ते टरफल मी प्राचार्यांच्या समोर टेबलावर ठेवलं.

"लिनक्समुळे हार्डवेअर जळतं म्हणे," मी म्हणाले. "लिनक्समुळे सरकीसुद्धा उगवते वाटतं, सर?"

सरांचा चेहरा पांढराफटक. प्राचार्यांनी टरफल उचललं, बघितलं, खिशात टाकलं. होय, खिशात टाकलं! मग म्हणाले, "मॅडम, साफ करून घ्या. परीक्षेचं बघा आधी." आणि सरांना घेऊन निघून गेले.

ती दुपार मात्र माझी होती, ती मी कोणाला देणार नाही. दात घासायचा जुना ब्रश, सायकलचा पंप आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. सगळी रुई काढली, पंखा बोटानं फिरवून बघितला, मशीन चालू केलं. पंखा गरगरा फिरला. सीडी घातली आणि स्टूल ओढून समोर बसले. एकेक पॅकेज उतरत गेलं, मी जागची हलले नाही. भर दुपारी, टेबलफॅनशिवाय, शेवटचं पॅकेज उतरलं, मशीन स्वतःच बंद होऊन पुन्हा उठलं आणि काळ्या पडद्यावर त्यानं माझं नाव विचारलं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. नाना दारातून डोकावले, म्हणाले, "व्हयनं?" मी म्हटलं, "व्हयनं!" ते इतके खूष झाले की न सांगता चहा घेऊन आले.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. या वेळी दार लावलं. माझी पक्की ऑर्डर टाइप होऊन समोर पडलेली, फक्त सही बाकी. शेजारी दुसरा कागद.

"मॅडम, तुम्ही हुशार आहात," ते म्हणाले. "मशीन जिनवर गेलं नव्हतं. रजिस्टरला नोंद आहे का? नाही. पण सील फुटलंय, म्हणजे फाइलला काहीतरी कारण लागणार. इन्चार्ज म्हणून अहवाल तुमचा हवा."

अहवाल त्यांनीच तयार ठेवला होता. प्रयोगशाळेच्या साफसफाईत संबंधित शिपायाने वेळोवेळी हलगर्जीपणा केल्याने मशीनमध्ये धूळ साचून बिघाड झाला. पुढे नानांचं पूर्ण नाव.

मी म्हटलं, "सर, हे खोटं आहे."

"किरकोळ मेमो जाईल फक्त. त्याचं काय बिघडतंय? तुमची मात्र सगळी नोकरी पुढे आहे." त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. आधी अहवाल, त्याखाली ऑर्डर.

माझा एवढा राग तेव्हा कुठे गेला होता, हे मी अजून स्वतःलाच विचारते. सरांवर ओरडले, इंजिनियरला त्याच्या पाठीमागे शिव्या घातल्या, प्राचार्यांच्या डोळ्यांसमोर सील कापलं. आणि त्या बंद दाराआड, जिथे खरं ओरडायचं होतं तिथे, माझा आवाज फुटला नाही. चाळीसगावचं स्थळ आठवलं, वडिलांचा चेहरा आठवला. फार तर दोन मिनिटं गेली असतील. मी पेन मागितलं. स्वतःचं पेन पर्समध्ये असताना त्यांचं मागितलं, हेही मला आठवतं. सही केली.

एप्रिलात परीक्षक आले, पोरांनी धडाधड कमांड मारल्या, परीक्षक म्हणाले की जिल्ह्यात एवढी तयारी कुठेच बघितली नाही. सरांनी मान झुकवून कौतुक स्वीकारलं. मी तिथेच उभी होते आणि मला त्यांचा रागसुद्धा येईना. कोणत्या तोंडानं येणार?

मेमो निघायला मे उजाडला. सुट्ट्या लागल्या होत्या, लॅबमध्ये मी एकटीच मशीनवर काहीतरी करत बसले होते. नाना आले. हातात कागद, मागे टाचणीनं माझ्या अहवालाची प्रत लावलेली. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

"चष्मा घर राही गया," म्हणाले. "वाची दाखाड ना माय, काय लिखेल शे."

मी मेमो वाचला. सर्व्हिस बुकात नोंद घेण्यात येत आहे, इथपर्यंत. ते म्हणाले, "मांगेना बी वाच." मी मागचा वाचला. संबंधित शिपायाने वेळोवेळी हलगर्जीपणा. माझं मलाच ऐकू येत होतं. शेवटच्या ओळीखाली माझी सही होती, तिच्यावर मी अंगठा ठेवला.

"खाले सही कोनी शे?"

"प्राचार्यांची," मी म्हटलं.

नानांनी कागद माझ्या हातातून घेतला, सावकाश चौपदरी घडी घातली. "बरं माय," म्हणाले, आणि ती घडी शर्टाच्या खिशात ठेवायला गेले तर ती आत जाईना. खिशात चष्मा होता. त्यांनी तो बाहेर काढला, माझ्यासमोरच, कागद आत सरकवला आणि वर पुन्हा चष्मा ठेवून बाहेर झाडायला निघून गेले.